उलटी नागातो: बिकिनीच्या तळावरची १:७०० प्रतिकृती, कामाच्या नोंदी

११ मे

काय चाललंय ते आधी सांगतो. १९४६ च्या अमेरिकन अणुचाचण्यांत बुडालेली जपानी युद्धनौका नागातो आज मार्शल बेटांतल्या बिकिनीच्या खाजणात, साधारण ५० मीटर पाण्याखाली उलटी पडली आहे. कील (तळाचा कणा) वर, तोफा खाली. तिची त्याच अवस्थेतली प्रतिकृती करायची आहे. जपानी जहाजं करायची म्हटलं की जो तो यामातो करतो, तीही सगळ्या तोफा एका अंगाला वळवून. बुडालेल्या जहाजाचं किट बाजारात मिळत नाही, त्यामुळे किटमधलं निम्मं फेकून उरलेलं स्वतः घडवावं लागणार.

नागातोच का, तर तिचा शेवट सगळ्यात नीट पाहता येतो. दुसऱ्या महायुद्धात जपानकडे बारा बॅटलशिप (मोठ्या तोफांच्या चिलखती युद्धनौका) होत्या. हिएई आणि किरिशिमा नोव्हेंबर १९४२ मध्ये प्रशांत महासागरातल्या ग्वादलकनाल बेटाजवळ बुडाल्या. मुत्सु ८ जून १९४३ ला हाशिराजिमाच्या नांगरतळावर, शत्रूचं एकही विमान आसपास नसताना, स्वतःच्या दारूगोळ्याच्या स्फोटात फुटली. मुसाशी, फुसो आणि यामाशिरो ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्सच्या पाण्यात दोन दिवसांच्या आत संपल्या. कोंगोला पुढच्या महिन्यात सीलायन या अमेरिकन पाणबुडीने तैवानच्या सामुद्रधुनीत टिपलं. यामातो ७ एप्रिल १९४५ ला बुडाली. हारुना, इसे आणि ह्यूगा त्या जुलैत कुरे या जपानी नौदल बंदराच्या आसपास उथळ पाण्यात तळाला बसल्या. जपानने शरणागती पत्करली तेव्हा पाण्यावर तरंगत होती ती एकटी नागातो.

यामातो सुमारे साडेतीनशे मीटर खोल आहे, दोन तुकड्यांत. मुसाशी एक हजार मीटरच्या आसपास. तिथे माणूस जात नाही, यंत्रं जातात, आणि प्रकाश पडेल तेवढाच तुकडा दिसतो. नागातोपर्यंत मात्र पाणबुडे पोहोचतात. त्यांचे फोटो भरपूर आहेत आणि ते वेगवेगळ्या कोनांतून काढलेले आहेत. प्रतिकृती करणाऱ्याला हेच हवं असतं.

१९ मे

किट आलं. वॉटरलाइन प्रकारचं, म्हणजे पाण्याच्या रेषेखालचा भाग त्यात नसतोच. सरळ उभं जहाज करणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही. मला दिसणार आहे तो नेमका तोच भाग. कस्टम ड्युटी धरून ₹३,९०० गेले, त्यातला अर्धा माल वाळूखाली जाणार.

मापं: पुनर्बांधणीनंतर नागातो सुमारे २२५ मीटर लांब, म्हणजे माझ्याकडे ३२१ मिलिमीटर. रुंदी ३४.६ मीटर, म्हणजे जेमतेम ५ सेंटीमीटर. पाण्याखालचा भाग साडेनऊ मीटर, म्हणजे १३-१४ मिलिमीटर. एवढी जाडी पोटाखाली नव्याने घडवायची. १९३४ ते ३६ च्या पुनर्बांधणीत तिच्या दोन्ही कुशींना टॉर्पेडोपासून बचावासाठी फुगवटे जोडले होते. नुसता लाकडाचा गोल पोटाचा तुकडा चिकटवला तर ते हरवतात, आणि ते हरवले की जाणकाराला लगेच कळतं.

लाकूड की थर्माकोल यावर डोकं खाऊन झालं, शेवटी थ्री-डी प्रिंट. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडे फिलामेंटचा प्रिंटर आहे. फोनवर त्याचा पहिला प्रश्न: "मामा, उलटंच ठेवायचंय ना? मग वॉटरलाइनचा सपाट भाग खाली धरून प्रिंट करू, सपोर्ट लागणारच नाहीत." उलट्या जहाजाचा एवढा एक फायदा.

२ जून

प्रिंट दोन तुकड्यांत झाली, कारण प्रिंटरचा बेड तेवढा लांब नाही. थर ०.२ मिलिमीटरचे. ऐकायला बारीक वाटतं, पण १:७०० मध्ये ती १४ सेंटीमीटरची पायरी होते. अख्खं पोट घाटाच्या पायऱ्यांसारखं दिसत होतं.

पुट्टीबद्दल लिहितो, कारण इथे वेळ गेला. मॉडेलवाल्यांची छोटी ट्यूब महाग, म्हणून गॅरेजवाल्याकडची एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी आणली. प्रिंटवर ती झकास बसते. पण सांध्यावर ती किटच्या प्लास्टिकवर जाड थरात गेली आणि तिच्यातल्या थिनरने प्लास्टिक मऊ केलं. दुसऱ्या दिवशी सांध्याजवळची कड आत गेलेली. उपाय: प्लास्टिकच्या बाजूला दोन भागांची इपॉक्सी पुट्टी, प्रिंटच्या बाजूला एनसी. दोन्हींच्या मधे प्रायमरचा एक थर. मग ४०० नंबरचा पाणीपेपर, नंतर ८००. आत गेलेली कड तशीच ठेवली. ८७० मीटरवरून अणुबॉम्ब सोसलेलं जहाज आहे, एक पोचा चालतो.

८ जून

८७० मीटरचा हिशोब मांडला तो लिहून ठेवतो. २५ जुलै १९४६ चा ‘बेकर’ स्फोट पाण्याखाली २७ मीटरवर झाला आणि नागातो त्याच्यापासून साधारण ८७० मीटरवर होती. १:७०० मध्ये ते सव्वा मीटर होतं. म्हणजे माझ्या टेबलाच्या या टोकाला जहाज आणि त्या टोकाच्या थोडं पुढे बॉम्ब. १ जुलैचा ‘एबल’ हवेतला स्फोट साधारण दीड किलोमीटरवर, म्हणजे दोन मीटरपेक्षा थोडं जास्त: खोलीच्या दारात. पट्टी लावून हे अंतर पाहिलं की पटतं की एबलमध्ये तिला फारसं का झालं नाही आणि बेकरनंतर ती पाच दिवस तगली याचंच नवल का वाटावं.

बेकरनंतर ती सुरुवातीला उजवीकडे जेमतेम दोन अंश कललेली दिसत होती. पाणी आत शिरत होतं, पण किरणोत्सर्गामुळे कुणाला चढून पंप लावता येत नव्हते. २९ आणि ३० जुलैच्या मधल्या रात्री ती उलटली. पाहायला कुणी नव्हतं. सकाळी जागा रिकामी.

१५ जून

कोणत्या अवस्थेतली नागातो? किट १९४४ च्या रूपातलं आहे, फिलिपिन्सजवळच्या लेतेच्या लढाईतलं. त्या लढाईत, २५ ऑक्टोबरला सामारजवळ, तिच्या मुख्य तोफा पहिल्यांदा शत्रूच्या जहाजांवर चालल्या. १९२० मध्ये नौदलात आलेली ही नौका, पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा जपानी ताफ्याचे प्रमुख यामामोतोंची ध्वजनौका. तिला त्यासाठी चोवीस वर्षं थांबावं लागलं.

बिकिनीला गेली ती नागातो मात्र १९४५ ची. लेतेहून परतल्यावर इंधन नव्हतं, तेव्हा योकोसुकाला बांधून ठेवली आणि किनाऱ्याच्या बचावाची तरंगती तोफशाळा केली. विमानविरोधी तोफांना आडवं येतं म्हणून धुराडं आणि मागची डोलकाठी छाटली. जूनमध्ये तिच्या दुय्यम तोफा आणि निम्म्या विमानविरोधी तोफा काढून किनाऱ्यावर नेल्या. १८ जुलैच्या हवाई हल्ल्यात ब्रिजवर (जहाज जिथून चालवतात त्या मनोऱ्यावर) बॉम्ब पडून कप्तान ओत्सुका ठार झाले.

म्हणून: किटमधलं धुराडं कापलं. मागची डोलकाठी लावलीच नाही. कुशीतल्या १४ सेंटीमीटरच्या तोफा काढून तिथली भोकं मोकळी ठेवली. लहान विमानविरोधी तोफांची फोटो-एच पट्टी (रसायनाने कोरलेले धातूचे बारीक भाग) मागवायचा बेत रद्द, ₹२,२०० वाचले. ज्यांना पैसे वाचवायचेत त्यांनी युद्धाचा शेवटचा उन्हाळा निवडावा, जपानी जहाजांवर तेव्हा फारसं काही उरलेलं नव्हतं.

२१ जून

पॅगोडा. नागातोचा उंच, मजल्यांवर मजले चढवलेला ब्रिज, त्यालाच हे नाव, उलटताना जहाजाखालून निसटून बाजूला आडवा झाला आहे. फोटोत तो वेगळा पडलेला दिसतो आणि खरं तर अख्ख्या अवशेषांत ओळख पटवणारी वस्तू तीच. म्हणून त्यावर सगळ्यात जास्त वेळ घातला. किटचे मजले एकेक करून जोडले, मग चिमट्याने दोन मजल्यांचे कठडे दाबून वाकवले. कापायचा मोह आवरला. कापलेलं प्लास्टिक कापलेलंच दिसतं, चिरडलेल्या पत्र्यासारखं दिसत नाही. वाकवण्याआधी केसांच्या ड्रायरने थोडं गरम केलं.

मागच्या टरेटांच्या (तोफांच्या फिरत्या बुरुजांच्या) तोफा उलट्या जहाजाखाली डोकावतात. ४१ सेंटीमीटर व्यासाच्या, ४५ कॅलिबरच्या (लांबी व्यासाच्या ४५ पट), म्हणजे प्रत्येकी साडेअठरा मीटर लांब. माझ्याकडे २६ मिलिमीटर. पितळी नळ्या वापरल्या कारण प्लास्टिकच्या नळीला भोक पाडलं की ती फाटते. जहाज पूर्ण चिकटवण्याआधी त्या बसवाव्या लागतात, नंतर बोट पोहोचत नाही.

चार प्रोपेलर मात्र दिमाखात वर. डेकवरची सगळी कलाकुसर झाकली जाते आणि नजर जाते ती या चार पंख्यांवर. किटमध्ये नसल्याने वेगळे पितळी मागवले, ₹८५०.

३० जून

रेझिन. मूळ बेत असा की अख्खं पाणीच ओतायचं: ५० मीटर खोली म्हणजे सात सेंटीमीटर उंचीचा निळसर ठोकळा, आत जहाज. बोहरी आळीतल्या काकांनी विचारलं, "पावसाळ्यात ओतताय?" आणि मान हलवली. त्यांचं बरोबर होतं, पण मोठं कारण दमटपणा नव्हतंच.

आधी चाचणी घेतली ते बरं झालं. प्लास्टिकच्या डब्यात स्प्रूचे (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या चौकटीचे) तुकडे, एक टाकाऊ टरेट, वर सहा सेंटीमीटर रेझिन एकाच वेळी. तासाभरात डबा हाताला चटका लागेल इतका तापला. सकाळी ठोकळ्याच्या मधोमध तडे, रंग पिवळट, आणि टरेटच्या कडा मेणासारख्या बसलेल्या. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आतच मऊ पडतं, जाड रेझिन घट्ट होताना सहज त्याच्या जवळ पोहोचतं. पृष्ठभागावर वर चिकट साय धरली होती, ती दमटपणाची देणगी.

एक-एक सेंटीमीटरचे थर देता येतात. पण माझ्या बेसला चार किलोच्या वर रेझिन लागणार होतं, प्रत्येक थराची रेष बाजूने दिसण्याची भीती, आणि एका थरात बुडबुडा अडकला की खेळ खलास. सोडून दिलं. चाचणीतच ₹१,१०० गेले.

७ जुलै

पर्याय: पाणी न ओतता पाण्याचा उजेड करायचा. अॅक्रिलिकची पेटी, वरच्या झाकणाच्या आत निळ्या-हिरव्या रंगाची पारदर्शक फिल्म, त्यावर एक पांढरी एलईडी पट्टी. पेटीच्या बाजू रिकाम्या, आत हवा. तळाजवळ फक्त दोन मिलिमीटर रेझिन, वाळू पकडायला.

खरं सांगायचं तर हे रेझिनपेक्षा चांगलं दिसतं. ठोकळ्यातलं जहाज शोकेसमधल्या भेटवस्तूसारखं झालं असतं. पेटीत वाकून पाहिलं की खोली जाणवते. वरून पाहिलं की काहीच कळत नाही, त्यामुळे पेटी डोळ्यांच्या उंचीवरच ठेवावी लागते, हा तोटा.

१२ जुलै

वाळू. हार्डवेअरच्या दुकानातली बारीक चाळलेली वाळूही इथे चालत नाही: अर्धा मिलिमीटरचा कण म्हणजे ३५ सेंटीमीटरचा दगड. संगमरवरी पावडर शोधत होतो, तर घरात पांढरी रांगोळी निघाली. जुन्या ओढणीतून गाळली आणि जो पिठासारखा भाग खाली पडला तो घेतला. किंचित राखाडी रंग मिसळला, नाहीतर डोळ्यांवर येते. पातळ केलेल्या फेविकॉलवर भुरभुरवली, जहाजाच्या कडेला टेकून ढिगारा केला.

रांगोळी ओल्या गोंदावर लगेच गडद होते, वाळली की पुन्हा उजळते. ओली असताना रंग ठरवू नका.

२० जुलै

रंग. पोटाचा भाग युद्धकाळात लालसर तपकिरी असणार, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पहिला थर तसाच दिला. निळ्या उजेडात ठेवल्यावर तो काळाकुट्ट दिसला. पाण्यात तीसेक मीटर खाली लाल रंग उरतच नाही, फोटोत जिथे लाल दिसतो तिथे पाणबुड्याचा टॉर्च आहे. तेव्हा एअरब्रशने राखाडी-हिरवा, त्यावर ऑलिव्हचे ठिपके, आणि खोबणीत तपकिरी वॉश (पातळ केलेला रंग). लाल फक्त प्रोपेलरच्या शाफ्टजवळ एका खरवडल्यात ठेवला.

चाबकासारखे लांब प्रवाळ: जुन्या ब्रशचे केस, टोकाला पिवळट रंग. थोडेच. पहिल्या हौसेत इतके लावले की जहाज साळिंदर दिसायला लागलं, निम्मे उपटले.

२६ जुलै

पेटीच्या खाली पितळी पाटी हवी. नुसतं नाव आणि तारीख लिहायची की इतर जहाजांचंही काही? मित्राचं म्हणणं, सगळ्या बारा जहाजांची यादी दे. मला यादी नको होती, पण त्या निमित्ताने एक-दोन गोष्टींवर बराच वेळ अडकलो.

हारुना घ्या. डिसेंबर १९४१ मध्ये कॉलिन केली या वैमानिकाने फिलिपिन्सजवळ हारुना बुडवली असं अमेरिकेत जाहीर झालं. हारुना तिथे नव्हतीच. ती पुढे साडेतीन वर्षं तरंगली आणि २८ जुलै १९४५ ला कुरेजवळच्या एताजिमाच्या किनाऱ्याशी नांगरलेली असताना तळाला बसली. त्याच दिवशी तिच्यावर आलेली दोन अमेरिकन बी-२४ बॉम्बफेकी विमानं पडली. पकडलेल्या वैमानिकांना हिरोशिमाला नेलं आणि ६ ऑगस्टला त्यातले बहुतेक तिथेच मेले. त्यातल्या ‘लोनसम लेडी’ विमानाचा पायलट थॉमस कार्टराइट चौकशीसाठी आधीच तोक्योला हलवलेला, म्हणून वाचला. हिरोशिमाचे अभ्यासक शिगेआकी मोरी यांनी वर्षानुवर्षं खपून या कैद्यांचा माग काढला नसता तर हे बरंचसं कुणाला कळलंच नसतं.

आणि हे सगळं कशासाठी, हा प्रश्न माझ्यापुरता सुटत नाही. कुरेच्या जहाजांना इंधन नव्हतं, ती कुठेही जाणार नव्हती. अमेरिकन ताफ्याचा प्रमुख हॅल्सी याच्या विमानवाहू नौकांच्या दलाचे प्रमुख मॅकेन यांचा या हल्ल्यांना विरोध होता. हॅल्सीला पर्ल हार्बरची परतफेड हवी होती, ब्रिटिशांना मुद्दाम दुसरीकडे पाठवलं गेलं. २४ ते २८ जुलैमध्ये अमेरिकेची १३३ विमानं आणि १०२ वैमानिक-कर्मचारी गेले. हारुना, इसे, ह्यूगा पुढे कापून भंगारात निघाल्या. नागातोला तरंगत ठेवून तिच्यावर दोन अणुबॉम्ब वापरले गेले. मला यात डावं-उजवं करता येत नाही.

पाटीवर शेवटी फक्त ‘नागातो, बिकिनी, जुलै १९४६’.

३ ऑगस्ट

बेसच्या कोपऱ्यात साकावा दाखवता येईल का असा विचार होता. ही हलकी क्रूझर नागातोबरोबरच योकोसुकाहून निघाली. तो प्रवासच वेगळ्या प्रतिकृतीच्या लायकीचा आहे: नागातोचे चारपैकी दोनच प्रोपेलर चालू, अंग गळतंय. २८ मार्चला साकावा बंद पडली तेव्हा नागातोने तिला ओढायचा प्रयत्न केला आणि नागातोचाच बॉयलर बिघडून इंधन संपलं. मार्शल बेटांतल्याच एनिवेटोकहून टग (ओढनौका) आले तेव्हा ती सात अंश डावीकडे कललेली. ताशी एक सागरी मैल वेगाने ४ एप्रिलला बंदरात. साकावा एबलनंतर जळत राहून २ जुलैला बुडाली.

पण दोन्ही अवशेषांमधलं अंतर १:७०० मध्येही माझ्या पेटीत मावत नाही. शेजारी चिकटवून ठेवलं तर पाहणाऱ्याला वाटेल ती खरंच शेजारी आहेत. वगळली.

९ ऑगस्ट

पेटी बंद केली. झाकणाला सिलिकॉन लावू नका. त्याच्या वाफेने आतून अॅक्रिलिकवर धुकं धरतं, मला एकदा झाकण काढून पुसावं लागलं. चार छोटे स्क्रू पुरतात.

हिशोब, कुणाला लागलाच तर: किट ₹३,९००; प्रिंटचं फिलामेंट ₹४००, भाच्याने मजुरी घेतली नाही; प्रोपेलर ₹८५०; पितळी नळ्या ₹३००; पुट्ट्या आणि पेपर ₹५५०; रंग ₹१,२००; अॅक्रिलिक पेटी कापून आणि चिकटवून ₹१,८००; एलईडी आणि फिल्म ₹३५०; वाया गेलेलं रेझिन ₹१,१००. पाटीचं कोरीवकाम ₹४५०. रांगोळी घरची.

पुन्हा केली तर पोट रेझिन प्रिंटरवर तीन तुकड्यांत करीन, सँडिंगचा निम्मा त्रास वाचेल. आणि पॅगोडा आधी रंगवून मग वाकवीन, वाकवल्यावर ब्रश आतल्या मजल्यांत शिरत नाही.

पुढचं काम ठरलंय: क्युशूतल्या वाकामात्सु बंदरातली लाटरोधक भिंत. यामातोच्या शेवटच्या फेरीत सोबत गेलेल्या सुझुत्सुकी आणि फुयुत्सुकी या विनाशिका युद्धानंतर तिथे भरावासाठी बुडवल्या. सुझुत्सुकीचं पुढचं टोक त्या दिवशी उडालं होतं आणि ती उलटी चालत, पाठ पुढे करून, जपानला परतली. काँक्रीटखालच्या जहाजाला किती किट लागेल याचा अंदाज अजून येत नाहीये. बहुधा फारच थोडं.